वाचकांचे प्रश्न : व्यायामाची नोंद ठेवणारे वेब-अ‍ॅप सोपे आहे, हे ठरवायचे कोणी आणि कसे?

व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या वेब-अ‍ॅपची वापरसुलभता कशी तपासावी, या विषयावर सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्प म्हणून मी चालणे, धावणे, सायकल आणि वजनांचे व्यायाम यांची नोंद ठेवणारे एक वेब-अ‍ॅप तयार केले आहे. ‘अ‍ॅप आवडले का’, ‘रंगसंगती कशी वाटली’, ‘वापरायला सोपे वाटले का’ असे प्रश्न असलेला ऑनलाइन फॉर्म वर्गातील चाळीस जणांकडून भरून घेतला आणि जवळजवळ सर्वांनी ‘उत्तम’ असे लिहिले. मार्गदर्शकांनी मात्र ‘हे मूल्यमापन नव्हे’ एवढाच शेरा मारून प्रकरण परत पाठवले. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : शेरा तुटक आहे, पण रास्त आहे. आपण मते गोळा केलीत, वापर पाहिला नाहीत. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या 9241 या मानकाचा अकरावा भाग 1998 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि 2018 मध्ये सुधारला गेला. त्यातील व्याख्येनुसार वापरसुलभता म्हणजे ठरावीक वापरकर्त्यांना ठरावीक परिस्थितीत आपले ठरावीक उद्दिष्ट कितपत अचूकपणे व पूर्णपणे गाठता येते, त्यासाठी किती वेळ आणि श्रम खर्ची पडतात आणि त्यातून त्यांचे कितपत समाधान होते, या तीन गोष्टी होत. आपला फॉर्म त्यांपैकी फक्त तिसऱ्या गोष्टीला, तेही ओझरता, स्पर्श करतो. शिवाय उत्तरे देणारे आपले वर्गमित्र आहेत. मैत्रिणीच्या प्रकल्पाला तोंडावर ‘किचकट’ म्हणणारा माणूस विरळाच.

मूल्यमापनाची सुरुवात प्रश्नांनी नव्हे, तर कामांनी करावी. अ‍ॅप घेऊन बसलेल्या माणसाला एखादे खरेखुरे काम द्यावे, शेजारी गप्प बसावे आणि काय घडते ते टिपावे. कामाची शब्दयोजना हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. ‘‘नवीन नोंद’ या बटणावर जाऊन धावण्याची नोंद करा’ असे लिहिले, तर आपण कामाबरोबर उत्तरही हातात ठेवले, कारण सहभागी व्यक्ती ते दोन शब्द पडद्यावर शोधते आणि दाबते. तिला रचना कळली की नाही, हे आपल्याला कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आज सकाळी तुम्ही 32 मिनिटांत 5 किलोमीटर धावलात, पण त्या वेळी मोबाईल जवळ नव्हता. हा व्यायाम या आठवड्याच्या हिशेबात धरला जाईल, असे करा.’ या वाक्यात आपल्या मेनूतला एकही शब्द नाही आणि वापरकर्त्याच्या मनात खरोखर असते ती अडचण मात्र पूर्ण आहे.

एका चाचणीत याच कामाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. वेळ भरण्यासाठी शेजारी शेजारी तीन चौकटी होत्या आणि त्यांच्या खाली फिकट राखाडी, बारीक अक्षरांत तास, मिनिटे, सेकंद असे लिहिलेले होते. सहभागी बाईंनी पहिल्या चौकटीत 32 टाकले आणि ‘जतन करा’ दाबले. अ‍ॅपने 32 तास धावण्याची नोंद हूं की चूं न करता स्वीकारली. साप्ताहिक आलेखात आजचा स्तंभ छतापर्यंत गेला आणि बाकीचे दिवस तळाशी रेघेसारखे चपटे झाले. बाई हसून म्हणाल्या, ‘‘आज मी जरा जास्तच धावलेली दिसते.’’ मग त्यांनी दुरुस्तीसाठी त्या स्तंभावर बोट ठेवले, तेव्हा एक छोटी चौकट उघडली आणि मिटली; नोंद बदलण्याची सोय इतिहासाच्या पानावर, प्रत्येक ओळीच्या टोकाला असलेल्या तीन टिंबांच्या आड होती. ती त्यांना सापडली नाही. अखेर त्यांनी नव्याने, या वेळी मधल्या चौकटीत 32 टाकून, दुसरी नोंद केली. म्हणजे मूळ चूक तशीच राहिली आणि तिच्यावर एक बरोबर नोंद चढली. शेवटी विचारले, तेव्हा त्याच बाईंनी ‘वापरायला सोपे’ यावर आनंदाने खूण केली आणि वर ‘‘चूक माझीच होती’’ अशी पुस्तीही जोडली.

आपल्या चाळीस ‘उत्तम’ शेऱ्यांमागे असे किती स्तंभ दडले आहेत, हे फॉर्मवरून कळायला मार्ग नाही. प्रत्येक कामासाठी ते विनासाहाय्य पूर्ण झाले, मदतीने झाले की झालेच नाही, किती वेळ लागला, कुठे चुकले आणि चूक त्या व्यक्तीच्या लक्षात आली का, एवढे तरी टिपावे. शेवटचा मुद्दा व्यायामाच्या नोंदीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण ज्या माणसाला काम जमले नाही तो निदान थांबतो, पण ज्याला चुकीचे काम बरोबर वाटले तो महिनोन्‌महिने खोट्या आकड्यांवर आपला व्यायाम बेतत राहतो. दुरुस्तीचे एक स्वतंत्र काम चाचणीत ठेवावेच : आधीपासून एक चुकीची नोंद भरून ठेवावी आणि ‘काल तुम्ही धावला नव्हता, चालला होता’ एवढेच सांगावे.

प्रश्न : ‘पाच माणसे पुरेशी असतात’ असे आमच्या क्षेत्रात सर्रास म्हटले जाते. पाच जणांच्या निरीक्षणावर निष्कर्ष काढणे शास्त्रीय कसे?

उत्तर : कशासाठी पुरेशी, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. याकोब निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, एका वापरकर्त्याच्या चाचणीत एखादा दोष उघड होण्याची सरासरी शक्यता 31 टक्के धरली, तर तो पाचही जणांच्या नजरेतून निसटण्याची शक्यता 0.69 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 16 टक्के उरते. म्हणून पाच जणांत सुमारे 84 टक्के दोष सापडतात, असा हिशेब मांडला जातो. गणित बरोबर आहे, पण 31 टक्के हा काही निसर्गनियम नाही; ती त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांची सरासरी आहे. जो दोष दहातल्या एकालाच अडवतो, तो पाच जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी असते.

व्यायामाच्या अ‍ॅपबाबत आणखी एक अडचण आहे. नुकतेच चालायला लागलेला माणूस, मॅरेथॉनच्या वेळापत्रकानुसार सराव करणारी धावपटू आणि मनगटावरच्या घड्याळातून आपोआप येणाऱ्या नोंदी केवळ पाहायला येणारा माणूस हे तीन वेगळे वापरकर्ते आहेत आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या आहेत. अशा प्रत्येक गटातून चार-पाच जण घ्यावेत, दोष दुरुस्त करावेत आणि पुन्हा नव्या चार-पाच जणांबरोबर बसावे. पंधरा जणांची एकच मोठी चाचणी करून जाडजूड अहवाल लिहिण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या मला केव्हाही अधिक उपयोगी वाटतात, कारण दुसऱ्या फेरीत आपली दुरुस्तीही तपासली जाते.

दोष शोधणे वेगळे आणि प्रमाण सांगणे वेगळे. पाचपैकी पाच जणांनी काम पूर्ण केले म्हणून अहवालात ‘यशाचे प्रमाण 100 टक्के’ असे लिहिणे दिशाभूल करणारे आहे. 95 टक्के विश्वासाच्या पातळीवर हिशेब केला, तर खरे प्रमाण 48 टक्क्यांइतके खालीही असू शकते. एवढ्या छोट्या संख्येत ‘पाचपैकी पाच’ असे सरळ लिहावे आणि टक्केवारीच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्या छोट्या चमूने चाचणीनंतर ‘एसयूएस’ ही दहा विधानांची प्रश्नावली वापरली. सरासरी 72 आली. म्हणजे आमचे अ‍ॅप 72 टक्के सोपे आहे, असे ग्राहकाला सांगावे काय?

उत्तर : सांगू नये. सिस्टिम युझेबिलिटी स्केल, म्हणजे एसयूएस, ही प्रश्नावली जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना तयार केली. तिची गुणसंख्या 0 ते 100 या पट्ट्यावर येत असली, तरी ती टक्केवारी नव्हे. अनेक अभ्यासांच्या संकलनातून निघालेली सरासरी 68 च्या आसपास आहे. त्यामुळे 72 म्हणजे सरासरीपेक्षा किंचित वर, एवढाच त्याचा अर्थ, आणि सहभागींची संख्या कमी असेल तर ‘किंचित वर’ हेही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

गुण कसे काढले, तेही एकदा ताडून पाहावे. प्रत्येक विधानाला 1 (अजिबात सहमत नाही) ते 5 (पूर्ण सहमत) यांपैकी एक आकडा द्यायचा असतो. विषम क्रमांकाची विधाने अनुकूल असतात, त्यांच्या उत्तरातून 1 वजा करायचा. सम क्रमांकाची विधाने प्रतिकूल असतात, तेथे 5 मधून उत्तर वजा करायचे. आणि सगळ्यांच्या बेरजेला 2.5 ने गुणायचे. उदाहरणार्थ, विषम विधानांना 4, 4, 5, 4, 4 आणि सम विधानांना 2, 1, 2, 3, 2 अशी उत्तरे असतील, तर 16 आणि 15 मिळून 31 आणि गुण 77.5. या रचनेचा एक गमतीदार परिणाम असा, की दहाही विधानांपुढे डोळे मिटून एकच आकडा लिहिणाऱ्याला, तो आकडा कोणताही असो, नेमके 50 गुण मिळतात. म्हणून हातात आलेल्या उत्तरपत्रिकांत बरोबर 50 गुणांच्या किती आहेत, ते आधी पाहावे आणि त्यांतील दहाही आकडे एकच आहेत का, हे तपासावे. मराठी भाषांतर वापरले असेल, तर नकारार्थी विधानांवर ‘सहमत नाही’ अशी खूण करताना वाचणाऱ्याची दुहेरी नकारात गफलत होते काय, हे दोन-तीन जणांना मोठ्याने वाचायला लावून तपासावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 72 या आकड्यातून काय दुरुस्त करायचे ते कधीही कळत नाही. दोन आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे. त्यापलीकडे त्याला फारसे डोक्यावर घेऊ नये.

प्रश्न : मी व्यायाम प्रशिक्षक आहे. माझ्याकडे येणारी मंडळी सेट संपला की घामेजल्या बोटांनी, धापा टाकत, एका हाताने मोबाईलवर नोंद करतात. वातानुकूलित खोलीत, टेबलाशी बसून, लॅपटॉपवर केलेल्या चाचणीला यातले काय कळणार?

उत्तर : फारसे काही कळणार नाही, आणि आपल्या पत्राने या विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. मानकाच्या व्याख्येत ‘ठरावीक परिस्थितीत’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत. व्यायामाच्या अ‍ॅपचा बराचसा वापर अशा क्षणी होतो जेव्हा माणसाचे लक्ष, हात आणि श्वास यांपैकी काहीच पूर्णपणे मोकळे नसते. खोलीत बसून महिन्याचा आढावा घेणे हाही खरा वापर आहे आणि त्यासाठी लॅपटॉपवरची चाचणी ठीक आहे. पण नोंद करण्याची कामे उभ्याने, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये आणि शक्यतो दोन सेटच्या मधल्या विश्रांतीतच तपासावीत. सहभागींना काही मिनिटे भरभर चालायला किंवा त्यांच्या सवयीचा हलका व्यायाम करायला सांगून लगेच काम द्यावे. अर्थात त्यासाठी आधी संमती घ्यावी, प्रकृतीची विचारपूस करावी आणि कोणत्याही क्षणी थांबण्याची मुभा आहे, हे स्पष्ट सांगावे.

अशा चाचणीत जे दिसते, ते टेबलाशी क्वचितच दिसते. घामेजले बोट बारीक बटणावर नेमके टेकत नाही. वेबच्या सुगम्यतेची, म्हणजे अपंगांसह सर्वांना वेब वापरता यावे यासाठीची, डब्ल्यूसीएजी 2.2 ही मार्गदर्शक तत्त्वे 2023 मध्ये आली. त्यांच्या मधल्या, म्हणजे एए पातळीवर दाबण्याच्या जागेचा किमान आकार 24 गुणिले 24 सीएसएस पिक्सेल (वेबपानावरच्या मोजमापाचे एकक) आहे आणि सर्वोच्च एएए पातळीवर 44 गुणिले 44. व्यायामशाळेसाठी पहिल्या आकड्यावर समाधान मानू नये, असे माझे मत आहे. वजन वाढवण्यासाठी ओढायची पट्टी दिली असेल, तर 60 किलोवर थांबायला गेलेले बोट 72 वर जाऊन थांबते. ‘अडीच किलोने वाढवा’ असे साधे ठळक बटण तेथे कितीतरी बरे. मोकळ्या मैदानात, उन्हात, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे दिसेनाशी होतात. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान 4.5 : 1 हे रंगविरोधाचे प्रमाण त्याच तत्त्वांत सांगितलेले आहे आणि ते मोजून देणारी साधने फुकट मिळतात.

वेब-अ‍ॅप असल्यामुळे काही दोष त्याच्या वाट्याला खास येतात. पडदा बंद झाला किंवा माणूस गाणे बदलायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेला, की मोबाईलवरचा ब्राउझर मागे राहिलेल्या पानाचे काम मंदावतो किंवा थांबवतो. विश्रांतीचे घड्याळ दर सेकंदाला एक-एक मोजत जाण्याच्या पद्धतीने लिहिले असेल, तर ते तेथे मागे पडते. सुरुवातीची वेळ साठवून, परत आल्यावर आताच्या वेळेतून ती वजा केली, तर पडत नाही. काही वेळा ब्राउझर ते पान स्मृतीतून काढूनच टाकतो आणि परत आल्यावर ते नव्याने उघडते. अर्धवट भरलेले चार सेट जर तोवर फोनमध्येच तात्पुरते साठवले नसतील, तर ते गेले. म्हणून चाचणीच्या मध्यावर मुद्दाम सहभागीला फोन करावा, त्याला दोन मिनिटे बोलू द्यावे आणि अ‍ॅपवर परतल्यावर तो काय शोधतो, ते पाहावे.

ठिकाण वापरण्याची परवानगी हीसुद्धा अशीच एक जागा. पान उघडताक्षणीच, कशासाठी हे न सांगता, परवानगी मागितली तर अनेक जण ती बिनदिक्कत नाकारतात, आणि एकदा नाकारलेली परवानगी परत द्यायची तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये खोलवर शिरावे लागते. ‘धाव सुरू करा’ हे बटण दाबल्यानंतर, एका ओळीच्या खुलाशासह मागितली तर ती नैसर्गिक वाटते. दोन्ही प्रकार चाचणीत ठेवून पाहण्याजोगे आहेत.

तसेच ‘जतन करा’ दाबल्यावर काय होते? सुमारे एका सेकंदापर्यंतचा विलंब माणसाच्या विचाराची साखळी तोडत नाही आणि दहा सेकंदांनंतर त्याचे लक्ष उडते, असा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. धापा टाकणाऱ्या माणसाचा धीर त्याहून तोकडा असतो, असे आपल्यालाही जाणवत असेल. दाबल्याची कोणतीही खूण दिसली नाही, की तो दुसऱ्यांदा दाबतो आणि एकाच सेटच्या दोन नोंदी होतात. नेटवर्क मुद्दाम मंद करून हे काम एकदा तरी करून पाहावे.

प्रश्न : माझे वय सत्तरीच्या पुढे आहे. मुलीने मला चालण्याची नोंद ठेवणारे अ‍ॅप लावून दिले आहे. रोज रात्री ते लाल रंगात सांगते की मी 10,000 पावले पूर्ण केली नाहीत. शिवाय रात्री जेवणानंतर चाललेले कधीकधी दुसऱ्याच दिवसाच्या खात्यात दिसते. माझ्यासारख्यांना अशा चाचण्यांत घेतात का, की आम्हांला कळत नाही असेच धरून चालतात?

उत्तर : आपण नोंदवलेल्या दोन्ही गोष्टी अ‍ॅपच्या उणिवा आहेत, आपल्या समजुतीत काहीही उणे नाही.

दुसरी गोष्ट आधी घेतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवली आणि दिवसाची सीमाही त्याच घड्याळाने ठरवली, तर वापरकर्त्याच्या मध्यरात्री दिवस बदलत नाही, भलत्याच वेळी बदलतो. मग कोणाचे रात्रीचे चालणे उद्यात जाते, तर कोणाचे पहाटेचे कालमध्ये. हा दोष दुपारी अकरा ते पाच या वेळात होणाऱ्या चाचण्यांत बहुधा दिसतच नाही. त्यासाठी चाचणी-खात्यात मध्यरात्रीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी आधीच भरून ठेवाव्या लागतात आणि ‘काल तुम्ही किती चाललात’ असे विचारावे लागते.

आता 10,000 पावलांविषयी. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून उतरलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो प्रचारात आला. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे पावलांत बोलतच नाहीत. ती प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवतात, आणि ज्येष्ठांसाठी त्याच्या जोडीला तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम सांगतात. तेव्हा लाल रंग पाहून खंतावण्याचे कारण नाही. आपले उद्दिष्ट आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अ‍ॅप तपासणाऱ्यांनी मात्र हे काम यादीत घालावेच : ‘डॉक्टरांनी तुम्हांला रोज 4,000 पावले चालायला सांगितले आहे, अ‍ॅपने तेवढ्यावरच शाबासकी द्यावी, असे करा.’ उद्दिष्ट बदलण्याची जागा सापडत नसेल, तर ते उद्दिष्ट वापरकर्त्याचे नाही, अ‍ॅपचे आहे.

लाल-हिरव्याच्या वापरात आणखी एक खोट आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्क्यांना रंगांधत्वाचा कोणता ना कोणता, बहुतेकदा लाल-हिरव्यातला, प्रकार असतो. इतरत्र प्रमाण कमी असले तरी शून्य नाही. निव्वळ रंगाने अर्थ सांगू नये, सोबत शब्द किंवा चिन्ह असावे, हा सुगम्यतेचा प्राथमिक नियम आहे.

ज्येष्ठांना चाचण्यांत घेतात का, असे आपण विचारले आहे. घ्यायला हवे, आणि पुष्कळदा घेत नाहीत. घेतले तर पद्धत थोडी सैल करावी लागते. काम करताना मनातले मोठ्याने बोलत राहावे, ही रीत तरुणांना चटकन साधते. ज्यांना ती अवघड वाटते त्यांना आधी शांतपणे काम करू द्यावे आणि मग पडद्याचे चित्रीकरण दाखवत ‘येथे आपल्या मनात काय आले’ असे विचारावे. सुरुवातीलाच ‘परीक्षा अ‍ॅपची आहे, आपली नाही’ हे सांगावे आणि पुढचा तासभर वागण्यातूनही ते जाणवू द्यावे. सहभागी अडखळला की भुवया उंचावणारा निरीक्षक ते वाक्य कितीही गोड आवाजात म्हणाला, तरी उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपच्या चाचण्या चांगल्या पार पडतात, तरी लोक काही आठवड्यांत नोंदी करणे सोडून देतात. हा वापरसुलभतेचा दोष मानावा, की माणसांच्या आळसाचा?

उत्तर : आळस हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण ते मानले की अ‍ॅपमध्ये काही बदलावे लागत नाही. तासाभराच्या चाचणीत फक्त पहिली भेट दिसते. इयान ली, अनिंद डे आणि जोडी फोर्लिझी यांनी 2010 मध्ये वैयक्तिक नोंदींच्या वापराचे पाच टप्पे मांडले : तयारी, संकलन, एकत्रीकरण, चिंतन आणि कृती, आणि एका टप्प्यातली अडचण पुढच्या टप्प्यांत झिरपते, हे दाखवले. पुढे 2015 मध्ये डॅनियल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी नोंदींत खंड पडणे आणि पुन्हा सुरुवात करणे हाही वापराचाच भाग मानला. ताप, प्रवास, परीक्षा, घरचे कार्य, काहीही असो, खंड पडणारच.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, तीन-चार आठवड्यांचा रोजनिशी-अभ्यास : दहा-बारा जणांना अ‍ॅप त्यांच्या रोजच्या आयुष्यात वापरू द्यावे आणि दर दोन दिवसांनी एक-दोन ओळींत ‘आज नोंद केली का, नसेल तर का नाही’ एवढेच विचारावे, लांबलचक फॉर्म दिला, तर रोजनिशीच आधी बंद पडते. दुसरी, परतण्याची चाचणी : तीन आठवडे रिकामे असलेले खाते उघडून द्यावे आणि पहिल्या पडद्यावर काय दिसते, ते सहभागीला वाचू द्यावे. ‘तुमची 41 दिवसांची साखळी तुटली’ हे वाक्य वाचून माणसाचा चेहरा कसा होतो, ते पाहिलेल्या चमूला पुढचे सांगावे लागत नाही.

प्रश्न : वापरकर्ते जमवण्याइतका वेळ नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी चालेल का?

उत्तर : पूर्वतयारी म्हणून चालेल. निल्सन आणि रोल्फ मोलिख यांनी 1990 मध्ये मांडलेल्या तत्त्वाधिष्ठित परीक्षणात, म्हणजे चांगल्या रचनेच्या ठरलेल्या तत्त्वांशी ताडून पाहण्याच्या पद्धतीत, तीन ते पाच परीक्षक स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता, अ‍ॅप तपासतात आणि नंतर दोषांची एकत्र यादी करून प्रत्येकाला 0 ते 4 अशी तीव्रता देतात. 32 तास निमूटपणे स्वीकारणारी चौकट त्यांच्या नजरेतून सहसा सुटणार नाही. पण ‘सक्रिय मिनिटे’ म्हणजे काय, हे सामान्य माणसाला कळते का, याचे उत्तर देण्यास तज्ज्ञ हा सर्वांत अयोग्य साक्षीदार आहे, कारण त्याला ते आधीच माहीत असते.

प्रश्न : चाचणीत सहभागींचे वजन, हृदयाचे ठोके, धावण्याचे मार्ग असा खासगी तपशील समोर येतो. त्याबाबत काय काळजी घ्यावी, आणि गोपनीयतेच्या सेटिंगची चाचणी वापरसुलभतेत मोडते का?

उत्तर : मोडते, आणि ती टाळली तर काय होते याचे उदाहरण जगजाहीर आहे. स्ट्राव्हा या अ‍ॅपने नोव्हेंबर 2017 मध्ये वापरकर्त्यांच्या हालचालींचा एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये लक्षात आले की ओसाड प्रदेशांतल्या लष्करी तळांच्या रूपरेषा सैनिकांच्या धावण्यामुळे त्यावर उजळून दिसत होत्या. या नकाशातून आपले मार्ग वगळण्याची सोय अ‍ॅपमध्ये होती. ती किती जणांना ठाऊक होती, हा खरा प्रश्न. तेव्हा ‘तुम्ही घराच्या दारातून धावायला सुरुवात करता, तुमचे घर कोठे आहे हे अनोळखी लोकांना कळू नये, असे करा’ हे काम यादीत ठेवावे आणि ते झाल्यावर ‘आता तुमचा मार्ग कोणाकोणाला दिसतो, असे वाटते’ असे विचारावे. सेटिंग बदलले पण उत्तर चुकले, तर काम अपूर्ण मानावे. ‘सर्व नोंदी उतरवून घ्या’ आणि ‘खाते कायमचे मिटवा’ ही दोन कामेही याच गटातली.

सहभागींच्या तपशिलाबाबत सरळ मार्ग असा, की कल्पित नाव आणि कल्पित नोंदी भरलेले चाचणी-खाते द्यावे, म्हणजे कोणालाही स्वतःचे वजन अनोळखी माणसासमोर टाकावे लागत नाही. रोजनिशी-अभ्यासात हे शक्य नसते; तेथे वजन आणि मार्ग न देण्याची मुभा असावी, संमतिपत्रात चित्रीकरण कोण पाहील आणि कोणत्या तारखेला नष्ट होईल हे लिहावे, आणि अहवालात पडद्यांची छायाचित्रे छापताना नकाशाचा भाग झाकून टाकावा.